बाहेरून मदत

तीन वर्षांच्या ऑनलाइन बी.ए.मध्ये आमच्या गटाच्या दोनच गोष्टी वाढल्या, चष्म्याचे नंबर आणि किस्से. नंबर डॉक्टरांनी लिहून ठेवलेत. किस्से मात्र कोणीच लिहिले नाहीत. आमच्यातले दोघं जरी चहाला भेटले तरी चार किस्से निघतात, आणि दर वेळी थोडे फुगूनच निघतात. आमच्या गटातल्या शांतवनकाकांच्या एका किश्श्यात तर हल्ली मी रडते असं ऐकलं. मी रडले नव्हते! म्हणून म्हटलं, आणखी फुगायच्या आत लिहून टाकावेत.

सुरुवात मार्थाबाईंपासून करायला हवी, कारण हे सगळं त्यांच्यामुळेच झालं.

नाशिकला शरणपूर रोडजवळ आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, मुलींचं वसतिगृह आहे. मार्थाबाई तिथल्या वॉर्डन. बेचाळीस मुली, एक म्हातारा कुत्रा आणि कमरेला चाव्यांचा जुडगा, हा त्यांचा संसार. आईवडील लहानपणीच गेले, त्या स्वतः त्याच वसतिगृहात वाढल्या. बारावीनंतर तिथंच कामाला लागल्या. घर म्हणाल तर तेच, माणसं म्हणाल तर त्याच मुली. आणि अचानक ट्रस्टनं ठराव केला की वॉर्डन पदवीधरच हवी. चालू वॉर्डनला तीन वर्षांची मुदत. तेवढ्यात पदवी आणा, नाहीतर चाव्या दुसऱ्या बाईंकडे द्या. मार्थाबाई तेव्हा चौपन्न वर्षांच्या होत्या.

रविवारच्या उपासनेनंतर आमच्या पाळकसाहेबांनी जाहीर केलं, "एका ख्रिस्ती कॉलेजचा ऑनलाइन बी.ए. आहे, मोठ्या वयाच्या, नोकरी करणाऱ्या माणसांसाठी. मराठीतून. मार्थाबाईंनी नाव घातलंय. त्यांना सोबत कोण करणार?"

पहिला हात माझा. मी रूथ, गंगापूर रोडवरच्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. पहिल्या वर्षाला असताना लग्न झालं आणि कॉलेज सुटलं, ते मनाला लागून राहिलं होतं. दुसरा हात प्रभाकरचा. तो लासलगावला कांद्याच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला आहे, आठवडाभर तिकडे आणि रविवारी नाशिकला घरी. तिसरा हात शांतवनकाकांचा. काका छापखान्यातून रिटायर झालेले, वय सदुसष्ट.

काकांना खरं तर पंखा कमी करा एवढंच सांगायचं होतं. पण तोवर साहेबांनी नाव लिहून घेतलं होतं.

"आता खोडायला सांगितलं तर बरं दिसत नाही," काका म्हणाले, आणि तीन वर्षं शिकले!

*

मार्थाबाईंची एक सवय आधीच सांगते. त्या कुठलंही काम प्रार्थनेशिवाय सुरू करत नाहीत. जेवणाआधी तर आम्ही सगळेच करतो. बाई कुकर लावण्याआधी करतात, सुईत दोरा ओवण्याआधी करतात, बँकेत टोकन घेण्याआधी करतात. डोळे घट्ट मिटायचे, मान खाली, ओठ हलते. आणि त्या प्रार्थनेत बेचाळीस मुली नावानिशी असतात.

पहिल्या दिवशी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही चौघं लॅपटॉप घेऊन बसलो. शेजारी रफिकभाईंचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान. साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. रफिकभाईंनी कॉलेजचं पान उघडून दिलं आणि म्हणाले, "हां बाई, टाका पासवर्ड."

बाईंनी डोळे मिटले.

आम्ही थांबलो. रफिकभाई थांबले. लॅपटॉप काही थांबला नाही. बाईंनी डोळे उघडले तेव्हा स्क्रीनवर लिहिलं होतं, "वेळ संपली. पुन्हा प्रयत्न करा." पुन्हा पान उघडलं, पुन्हा प्रार्थना, पुन्हा वेळ संपली!

तिसऱ्या वेळी रफिकभाई हात जोडून म्हणाले, "बाई, दुआ पहिले करो, स्विच बाद में!"

"असं कसं?" बाई म्हणाल्या. "आधी चालू तर होऊ दे. आभार कशाचे मानायचे ते तरी कळायला हवं."

शेवटी तडजोड झाली. बाईंनी लॉगिनसाठी एक वेगळी, छोटी प्रार्थना बसवली. रफिकभाईंनी मोबाइलवर वेळ लावून ती तपासली. नऊ सेकंद. "चलेगा," म्हणाले.

*

प्रभाकरला लेक्चरं हळू वाटायची. आम्हाला सरांचं बोलणं दोनदा मागं नेऊन ऐकावं लागायचं, आणि हा पठ्ठ्या डबल स्पीडवर ऐकायचा. सर चिमणीसारखे चिवचिवायचे आणि हा आरामात नोट्स काढायचा.

"तुला कळतं का रे हे?" मी विचारलं.

"ताई, सकाळभर लिलावात असतो मी. तिथं बोलणारा श्वास घेत नाय. एक शब्द चुकला तर गाडीभर कांदा गेला ना दुसऱ्याच्या दारात! त्याच्यापुढं हे सर म्हणजे लय निवांत माणूस."

एकदा व्हिडिओ कॉलवर आमचा अभ्यास चालला होता आणि तो या बटणाचं कौतुक करत होता. "खरं सांगू का," तो म्हणाला, "आपल्या रविवारच्या उपदेशाला पण हे बटण पाहिजे हुतं. अर्ध्या तासात माणूस घरी!"

कोणीच हसलं नाही. प्रभाकरला वाटलं नेट गेलं.

मग एका काळ्या चौकोनातून आवाज आला, "प्रभाकर, सुरुवातीच्या प्रार्थनेनंतर मी बाहेर पडायचं विसरलो बरं का."

साहेब होते! पुढच्या रविवारचा उपदेश मात्र पंचवीस मिनिटांत संपला. मंडळीला कारण कळलं नाही. आम्ही चौघं खाली बघून बसलो होतो.

*

आता माझंही सांगते, नाहीतर म्हणतील दुसऱ्यांचेच सांगते.

दवाखान्यात पेशंट आत गेला की मला दहा मिनिटं मिळायची. तेवढ्यात मी मुद्दे काढायची, आणि हाताशी कागद म्हणजे अपॉइंटमेंटची कार्डं. मागची बाजू कोरी असते. एके दिवशी औद्योगिक क्रांतीचे मुद्दे लिहिलेलं एक कार्ड मी चुकून चांदवडच्या एका बाबांना दिलं. पुढं पुढच्या मंगळवारची वेळ, मागं माझ्या अक्षरात, "रोज वाचणे : १) कोळसा २) लोखंड ३) वाफ."

मंगळवारी बाबा आले ते खूश होऊनच. खुर्चीत बसायच्या आधी माझ्या टेबलाशी आले.

"म्याडम, तुम्ही लिहून दिलं तसं रोज कोळशानं दात घासले. लय आराम हाय. सुनेनं रोज वाचून दाखवलं मला. वाफ पण घेतली गालाला."

बाबा थोडे पुढं वाकले आणि हळूच म्हणाले, "फक्त ते लोखंडाचं काय करायचं, ते सांगा."

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मला एक डझन वह्या आणून दिल्या.

*

ऑनलाइन कोर्समध्ये एक 'चर्चा मंच' असतो. एकानं विषयावर काहीतरी लिहायचं आणि बाकीच्यांनी त्यावर प्रतिसाद द्यायचा. त्याचे गुण असतात. प्रभाकरनं 'खेड्यातले बदल' यावर लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. खाली काकांनी प्रतिसाद दिला, "आमेन." मार्थाबाईंनी लिहिलं, "आमेन." खोटं कशाला बोलू, मीही तेच लिहिलं. प्रार्थनासभेची सवय, दुसरं काय!

आमचे आढाव सर मोठे सहनशील. त्यांनी मंचावर सूचना टाकली, "'आमेन' हा प्रतिसाद मनापासून स्वीकारला आहे, पण त्याला गुण देता येत नाहीत. प्रतिसाद किमान पन्नास शब्दांचा हवा."

दुसऱ्या दिवशी काकांचा नवा प्रतिसाद आला. आमेन आमेन आमेन आमेन. ओळीच्या ओळी भरल्या होत्या. खाली टीप होती, "पन्नास शब्द आहेत. कृपया मोजून घ्यावेत."

तासाभरात सरांचं उत्तर आलं.

"एकोणपन्नास आहेत."

काकांनी मोजले. सरांचं बरोबर होतं! काकांनी मुकाट्यानं एक आमेन आणखी टाकला. त्या दिवसापासून सरांबद्दल त्यांचा आदर एकदम वाढला.

*

काकांचं पाठांतर हा वेगळाच विषय आहे. लहानपणी रविवारच्या शब्बाथशाळेत बायबलची वचनं पाठ करायच्या स्पर्धेत ते कायम पहिले. वचन म्हणायचं तर अध्याय आणि ओवी सांगूनच म्हणायचं, ही सवय लागलेली. त्यामुळे समाजशास्त्राच्या पेपरात प्रत्येक वाक्यानंतर काका लिहून आले, "पृष्ठ १०४, ओळ ७."

सरांचा फोन आला. आवाज जरा कडकच होता. "काका, पुस्तक उघडून लिहिलंत का?"

"नाही सर. विचारा कुठलंही पान."

सरांनी एकशे चार विचारलं. काकांनी पान सुरू केलं ते थेट खालच्या टिपेपर्यंत म्हणाले. वर म्हणाले, "नवव्या ओळीत एक शब्द दोनदा छापलाय, तोही तसाच म्हणू का?" छापखान्यातला माणूस तो! सरांनी पुस्तक उघडून बघितलं. होता शब्द दोनदा.

"कमाल आहे," सर म्हणाले. "आता मला याचा अर्थ सांगा."

"अर्थ पण आहे का सर परीक्षेला?"

*

आमच्या मंडळीत चांगलं काही झालं की उपकारस्तुतीची चिठ्ठी देतात. नातू झाला, ऑपरेशन नीट पार पडलं, गाडी घेतली, की चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची आणि साहेब ती उपासनेत वाचतात. पहिल्या वर्षाच्या निकालानंतर प्रभाकरनं चिठ्ठी टाकली. साहेबांनी आधी न वाचताच हातात घेतली आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"प्रभाकर त्रिभुवन यांजकडून, बी.ए. परीक्षेत पाच विषयांत पास झाल्याबद्दल उपकारस्तुती. सहाव्या विषयात, म्हणजे पर्यावरणात, प्रभूची इच्छा दिसली नाही."

साहेबांनी चिठ्ठी खाली ठेवली आणि चष्म्यावरून बघितलं. "प्रभाकर, प्रभूवर घालू नकोस. अभ्यास केला होतास का?"

भर उपासनेत! प्रभाकर उभा राहिला, शपथेसाठी गळ्याला हात लावला. "पुस्तक आणलं हुतं साहेब."

त्यानंतर सहा महिने अख्ख्या मंडळीनं त्याला पिडलं. भाजी घेताना, लग्नात, दवाखान्याच्या लायनीत, कोणीही विचारायचं, "काय रे, पर्यावरण निघालं का?" निघालं एकदाचं. त्यानं पुन्हा चिठ्ठी टाकली नाही, पण मंडळीच्या म्हाताऱ्या बायकांनी आपल्या आपण टाकली.

*

मार्थाबाईंच्या अभ्यासाची जागा वसतिगृहातच होती. संध्याकाळी पाच ते सात मुलींचा अभ्यासाचा तास. आधी बाई पुढं खुर्चीत बसून लक्ष ठेवायच्या. पहिल्या वर्षी त्यांनी खुर्ची सोडली आणि मुलींबरोबर शेवटच्या बाकावर पुस्तक घेऊन बसायला लागल्या. बाईंचाच नियम होता की अभ्यासाला जो डुलकी काढेल त्यानं पाच मिनिटं उभं राहायचं.

एकदा मी नोट्स द्यायला गेले तर हॉलमध्ये बेचाळीस मुली माना खाली घालून वाचतायत, आणि शेवटच्या बाकाजवळ बाई पुस्तक धरून उभ्या!

"अहो, बसा की," मी म्हटलं.

"दोन मिनिटं राहिलीत," बाई म्हणाल्या. चौथीतली एक पोरगी घड्याळाकडे बघत होती. तिनं मान हलवून सांगितलं, खरंच दोन राहिलीत.

मला हसूही आलं आणि भरूनही आलं. या बाईंकडून चाव्या काढून घ्यायच्या म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नीट कळलं. रडले मात्र नाही. काका कितीही सांगू देत.

*

आता शेवटच्या पेपराचं.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा कॅमेऱ्यासमोर होती. खोलीत एकट्यानं बसायचं, नजर स्क्रीनवर, बोलायचं नाही. एक सॉफ्टवेअर तुमच्यावर नजर ठेवतं. नजर हलली, ओठ हलले की लाल चौकट येते. रफिकभाईंनी बाईंना बजावलं होतं, "बाई, जो दुआ करनी है, कॅमेरा चालू होण्याआधी करून घ्या." बाईंनी घेतलीही.

पण पेपर उघडला आणि समोर पहिला प्रश्न आला. प्रश्न म्हणजे नवं काम. बाईंनी डोळे मिटले, ओठ हलायला लागले. लाल चौकट आली. बाईंनी डोळे उघडून ती वाचली आणि चौकटीला म्हणाल्या, "हो हो, झालंच." म्हणजे बोलणं आणखी वाढलं! सहा प्रश्न होते. सहाही वेळा तेच.

आम्हा तिघांचा निकाल लागला. बाईंच्या नावापुढं लिहून आलं, "संशयास्पद हालचाल. निकाल राखून ठेवला आहे. चौकशी समितीपुढे हजर राहावे." तेव्हा मे महिना चालू होता. जूनमध्ये मुदत संपत होती, आणि ट्रस्टनं नव्या बाई बघूनही ठेवल्या होत्या. बाई जुडग्यातल्या प्रत्येक चावीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायला लागल्या, कुठली चावी कुठल्या कुलपाची. त्यांना आजवर कधी चिठ्ठी लागली नव्हती.

चौकशी व्हिडिओ कॉलवर होती, चर्चच्या हॉलमध्ये. बाई लॅपटॉपसमोर बसल्या. मी, काका, प्रभाकर, साहेब आणि रफिकभाई लॅपटॉपच्या बाजूला, स्क्रीन तिरकी दिसेल पण कॅमेऱ्यात येणार नाही असे, भिंतीला टेकून बसलो. बोलायची परवानगी नव्हती. कॉल सुरू व्हायच्या आधी प्रभाकर म्हणाला, "बाई, एकच वाक्य बोला, मी खोलीत एकटीच होते. बास!"

"एकट्याच तर होता तुम्ही," साहेबही म्हणाले. "म्हणजे, समितीच्या अर्थानं."

बाईंनी साहेबांकडे नुसतं बघितलं. "साहेब, तुम्ही म्हणताय हे?"

साहेब आपल्या बुटांकडे बघायला लागले.

स्क्रीनवर तिघं होते. मधल्या अध्यक्ष मॅडम कडक चेहऱ्याच्या. एका बाजूला आमचे आढाव सर. मॅडमनी सरळ सुरुवात केली.

"मार्थाबाई, सहा वेळा डोळे मिटून तुम्ही कोणाशी तरी बोलताना दिसता. खोलीत तुमच्याशिवाय कोणी होतं?"

प्रभाकर हातानं खुणा करत होता. नाही म्हणा, नाही!

"होता, मॅडम."

काकांनी डोक्याला हात लावला.

"कोण?"

"प्रभू."

मग मॅडमनी त्याच आवाजात विचारलं, "त्यानं तुम्हाला उत्तरं सांगितली?"

"नाही मॅडम. चौथ्या प्रश्नाला मी फार विनवलं. नाही सांगितलं. शेवटी कोराच सोडला. बघा तुम्ही."

आढाव सरांनी उत्तरपत्रिका उघडली. सरांनी मान खाली घातली होती, चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज ऐकू आला. "मॅडम, चौथा कोरा आहे."

मॅडमनी पेन उचललं. "मग लिहा. परीक्षार्थीला बाहेरून कोणतीही मदत मिळाली नाही."

सुटलो! रफिकभाईंनी दोन्ही हात वर केले, काकांनी माझं मनगट दाबलं. आणि बाई खुर्चीत पुढं सरकल्या.

"असं नका लिहू, मॅडम."

"का?"

"मदत मिळाली नाही कसं म्हणू मी? बाकीचे पाच प्रश्न माझ्या एकटीच्यानं झाले असते का?"

प्रभाकर भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसला. मॅडमनी चष्मा काढला, माइक बंद केला आणि बाजूच्या दोघांशी बोलायला लागल्या. बराच वेळ बोलत होते. आता त्यांचे ओठ हलत होते आणि आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. मग माइक चालू झाला, "कळवतो," एवढं म्हणाल्या आणि स्क्रीन गेली.

चार दिवसांनी पत्र आलं. मार्थाबाईंनी ते काचेत घालून वसतिगृहाच्या ऑफिसात लावलंय, चाव्यांच्या खुंटीच्या बरोबर वर. तीनच ओळी आहेत.

"विद्यार्थिनीस परीक्षेदरम्यान मदत मिळाली, हे तिने स्वतः मान्य केले आहे.
समितीची त्यास हरकत नाही.
निकाल जाहीर करावा."